घरात वावरणारा पहिला कुत्रा : कमी केस गळणारी जात कशी निवडावी?



राखणीसाठी कुत्रा पाळणे आपल्याला नवीन नाही. वस्तीवर, खळ्यावर, मेंढवाड्यावर कुत्रा असतोच. तो दाराबाहेर राहतो, उरलेली भाकरी खातो आणि त्याचे केस किती गळतात हे कोणी पाहत नाही. परंतु अलीकडे आपल्या घरांची रचना बदलली आहे. सारवलेल्या पडवीच्या जागी फरशी आली, बसायला गादीच्या खुर्च्या आल्या, नातवंडे जमिनीवर रांगू लागली. त्यामुळे दारचा कुत्रा आणि घरातला कुत्रा यांत फरक करणे भाग पडते. आमच्याकडे पत्राने आणि दूरध्वनीवर जी विचारणा होते तीत आता एक प्रश्न वारंवार येतो : केस न गळणारी, मुलांना न चावणारी आणि आयुष्यात प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याला झेपेल अशी जात कोणती?

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. ज्याचे केस अजिबात गळत नाहीत असा केसाळ कुत्रा जगात नाही. कमी गळणारे आहेत. परंतु ज्याचे केस कमी गळतात त्याचे कामही कमी असते असे मात्र मुळीच नाही. बहुतेक वेळा उलटच असते. हा मुद्दा ध्यानात न घेतल्यामुळे काय घडते ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक द्राक्ष बागायतदार आमच्याकडे एक पांढरा, केसाळ कुत्रा घेऊन आले. शहरातील एका विक्रेत्याने 'घरात ठेवण्याची जात आहे, केसांचा त्रास नाही' असे सांगून तो त्यांना दिला होता. कुत्रा पॉमेरेनियन म्हणून विकला गेला होता, प्रत्यक्षात तो स्पिट्झ होता. दोन्ही जातींना दाट अस्तराचे केस असतात आणि दोन्हींचे केस भरपूर गळतात. चार महिन्यांत घरभर पांढरे केस झाले. सहा वर्षांच्या नातवाला आधीपासून बालदमा होता, तो बळावला. डॉक्टरांनी कुत्रा घरात नको म्हणून सांगितले. मग कुत्र्याला गोठ्यामागे साखळीने बांधले. माणसांत वाढलेला तो प्राणी दिवसभर भुंकू लागला, पुढे जवळ येणाऱ्याच्या अंगावर जाऊ लागला आणि अखेर भाकरी ठेवायला गेलेल्या गड्याच्या हाताला चावला. आमच्याकडे आणला तो याला काही औषध आहे का, हे विचारण्यासाठी. औषध नव्हते. नातवाचा दमा, गड्याचा हात आणि कुत्र्याचे आयुष्य, तिन्हींचे नुकसान कुत्रा विकत घेतला त्या एका सकाळी ठरून गेले होते.

केस का गळतात?

हिवाळा संपताना बैलाला खरारा केला की मूठभर केस निघतात हे आपण जाणतो. कुत्र्याचेही तसेच आहे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबते, काही काळ तो नुसता कातडीत रुतून बसतो आणि नंतर गळून पडतो. दिवस लहान-मोठे होण्याशी या चक्राचा संबंध असतो. म्हणून साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा पावसाळ्यानंतर केस अधिक गळतात. जो कुत्रा रात्रंदिवस घरात, दिव्याच्या उजेडात राहतो त्याचे थोडे थोडे केस वर्षभर गळत राहतात. मादी व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तिचेही केस मोठ्या प्रमाणावर झडतात.

केसांची ठेवण तीन प्रकारची आहे असे व्यवहारापुरते धरावे. पहिला प्रकार दुहेरी केसांचा. वर राठ केस आणि खाली लोकरीसारखे मऊ अस्तर. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, स्पिट्झ हे सर्व या गटातले. मुळात थंड हवेत तयार झालेल्या या जाती. अस्तर झडले की झाडूने गोळा करावे इतके केस निघतात. दुसरा प्रकार अंगाला चिकटून बसलेल्या आखूड केसांचा, ज्यात अस्तर विरळ असते किंवा नसतेच. आपला कारवानी आणि डॉबरमन या प्रकारात येतात. यांचे केस गळतात, पण कमी, आणि बारीक असल्याने डोळ्यांत भरत नाहीत. (गादीत मात्र ते टाचणीसारखे रुततात, हेही सांगून ठेवतो.) तिसरा प्रकार सतत वाढणाऱ्या केसांचा. पूडल, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो या जातींचे केस मेंढीच्या लोकरीप्रमाणे बराच काळ वाढत राहतात. जे सुटतात तेही कुरळ्या किंवा लांब केसांत अडकून राहतात, जमिनीवर पडत नाहीत.

मेंढीचे उदाहरण मुद्दाम दिले. लोकर वेळेवर कातरली नाही तर तिचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. पूडल किंवा ल्हासाचे केस विंचरले नाहीत तर महिन्याभरात त्यांचा नमदा होतो. त्याखाली कातडी ओली राहते, फोड येतात, गोचिडांना लपायला जागा मिळते. पावसाळ्यात तर माश्या अंडी घालून अळ्या पडलेल्याही आम्ही पाहिल्या आहेत. म्हणजे झाडू मारण्याचे काम वाचले, पण रोज पंधरा-वीस मिनिटे विंचरण्याचे आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापण्याचे काम अंगावर आले. तालुक्याच्या गावी कुत्र्याचे केस कापणारा माणूस सहसा मिळत नाही. स्वतः मशीन घेऊन शिकण्याची तयारी असेल तरच या जातींचा विचार करावा.

दमा किंवा ॲलर्जी असेल तर

'केस न गळणारा कुत्रा आणला की दम्याचा त्रास होत नाही' असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. त्रास केसांमुळे होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिने असतात, त्यांची ॲलर्जी होते. केस हे त्यांचे वाहन. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात. आखूड केसांचा कुत्राही अंग चाटतोच. २०१२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे केस तपासले. ॲलर्जी न करणाऱ्या म्हणून नावाजलेल्या पूडल व लॅब्राडूडल यांच्या केसांत यातील मुख्य प्रथिन कमी तर नव्हतेच, उलट इतर जातींपेक्षा अधिक आढळले. शिवाय एकाच जातीच्या दोन कुत्र्यांत मोठा फरक दिसून आला.

लॅब्राडूडल ही संकरित पैदास ज्या घटनेमुळे प्रसिद्धीस आली ती येथे सांगण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ पैदाशीचे काम पाहत. हवाई बेटांवरील एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण त्यांच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी आधी पूडल शिकवून पाहिले, ते या कामास उतरले नाहीत. मग १९८९ साली लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिले झाली. तिन्हींचे केस व लाळ यांचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा त्या पतीला फक्त एका पिलाचा त्रास झाला नाही. एकाच वेतातली तीन पिले, त्यातले एकच चालले! विक्रेता जेव्हा जातीचे नाव घेऊन 'ॲलर्जी होणार नाही' अशी हमी देतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. पुढे या संकराच्या नावावर वाटेल तशी पैदास सुरू झाली आणि खुद्द कॉनरन यांनीच आपण हे सुरू करायला नको होते अशी खंत व्यक्त केली.

तेव्हा घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा रुग्ण असेल तर क्रम असा ठेवावा. प्रथम डॉक्टरांना विचारावे. दमा वरचेवर उसळत असेल, औषध रोजचे असेल, तर कुत्रा घरात आणूच नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्रास सौम्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जो कुत्रा किंवा जे पिलू घ्यायचे त्याच्याच सहवासात रुग्णाला तासभर बसवावे. एकदा नव्हे, आठ-पंधरा दिवसांत तीन-चार वेळा. पिलाबरोबर त्याच्या आईजवळही बसवावे, कारण पिलू लहान असताना त्रास कमी जाणवू शकतो. डोळे चुरचुरणे, शिंका, रात्री खोकला यांची नोंद ठेवावी. आणखी एक बाब फारशी कोणाला माहीत नसते. कुत्र्याच्या ॲलर्जीकारक प्रथिनांपैकी एक केवळ नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. काही रुग्णांना फक्त त्याचीच ॲलर्जी असते. अशांना मादी चालू शकते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत रक्ताच्या तपासणीने हे कळू शकते. याविषयी डॉक्टरांकडे जरूर विचारणा करावी.

कुत्र्याला आंघोळ घातल्याने ही प्रथिने कमी होतात, परंतु थोड्याच दिवसांत पुन्हा तेवढीच साठतात. केवळ आंघोळीच्या भरवशावर राहू नये. निजण्याच्या खोलीत कुत्र्याला पहिल्या दिवसापासून मज्जाव करणे याचा उपयोग त्याहून अधिक होतो.

आपल्या घराला कोणती जात?

शहरी पुस्तकांतील याद्या लंडन-अमेरिकेच्या हवेसाठी असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, अंगणात कोंबड्या असतात, कुंपणाला कुसळी गवत असते. या तिन्ही गोष्टी धरून विचार केला पाहिजे.

लॅब्राडोर हा मुलांत सर्वांत रमणारा कुत्रा आहे यात वाद नाही. प्रथमच पाळणाऱ्याच्या चुका तो पोटात घालतो. परंतु त्याचे केस वर्षभर गळतात. केसांची अडचण हाच मुख्य प्रश्न असेल तर लॅब्राडोर बाद करावा. केस झाडण्याची तयारी असेल तर मात्र त्याच्यासारखा सोबती नाही. अल्सेशियनचे तेच, शिवाय त्याला शिकवणारा माणूस खंबीर लागतो. पग आखूड केसांचा म्हणून अनेक जण घेतात आणि फसतात. त्याचेही केस खूप गळतात, आणि चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हा कुत्रा आणणे म्हणजे त्या जिवाचे हाल करणे होय. शिह त्झूचे केस कमी गळतात, स्वभाव प्रेमळ आहे, पण नाकाची अडचण त्यालाही आहे.

डॉबरमनचे केस कमी. तो हुशार व निष्ठावान असतो. परंतु प्रथमच पाळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. डॅक्सहुंड ही लांब पाठीची बुटकी जात घरात चांगली मावते आणि तिच्या आखूड केसांच्या प्रकारात केसांचा त्रास बेताचा असतो. मात्र तिची पाठ नाजूक असते. जिने चढणे-उतरणे, ओट्यावरून उड्या मारणे यामुळे मणक्याची चकती सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात. लहान मुले तिला पोटाखालून उचलून लोंबकळत नेतात, ते टाळता येणार असेल तरच घ्यावी.

पूडलविषयी आपल्याकडे गैरसमज आहे की तो केवळ श्रीमंतांच्या मांडीवर बसणारा कुत्रा आहे. वास्तविक मोठा पूडल पाण्यातून शिकार आणणारा कामकरी कुत्रा होता. तो अत्यंत लवकर शिकतो, मुलांशी जुळवून घेतो आणि त्याचे केस सर्वांत कमी गळतात. केस बोटभर ठेवून नियमित कापण्याची सोय असेल तर घरात ठेवण्यासाठी तो उत्तमच. ती सोय नसेल तर वर सांगितलेला नमदा ठरलेला.

आता आपल्या मातीतल्या कुत्र्यांकडे वळू. कारवानी, ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात, तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला. २००५ साली टपाल खात्याने भारतीय जातींची तिकिटे काढली त्यांत मुधोळचा समावेश होता, आणि बागलकोट जिल्ह्यात मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे या जातीच्या संशोधनासाठी पशुवैद्यकीय विद्यापीठाचे केंद्र आहे. सडपातळ अंग, खोल छाती, आखूड गुळगुळीत केस. अस्तर जवळजवळ नसल्याने केसांचा व अंगाच्या वासाचा त्रास कमी. ऊन त्याला सोसते. घरच्या माणसांना जीव लावतो. परंतु हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. समोरून काही पळाले की तो मागे धावणारच, मग ते शेजाऱ्याचे कोंबडे असो वा करडू. त्याला रोज मोकळे पळायला हवे. उघडी विहीर आणि वाहता रस्ता जवळ असेल तर ही मोठीच जोखीम. अंगचटीला येणारी परकी मुलेही त्याला आवडत नाहीत. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून उपाशी आहे असे समजून खायला घालू नये, तशीच त्याची ठेवण आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र भुलीपूर्वी डॉक्टरांना 'हा कारवानी आहे' असे आवर्जून सांगावे, कारण अंगात चरबी कमी असलेल्या या गटातील कुत्र्यांना काही भुलीची औषधे जड जातात. याचाच केसाळ भाऊ पश्मी. कान, पाय व शेपटीवर त्याला रेशमी झालर असते. दिसायला देखणा, पण झालरीत कुसळे अडकतात. रानात फिरणार असेल तर रोज बोटांच्या बेचक्या आणि कान पाहावे लागतात.

राहिला आपला गावठी कुत्रा. विद्यापीठाच्या मासिकात गावठी कुत्र्याची शिफारस वाचून काहींना हसू येईल, पण आमचा अनुभव सांगतो. आखूड केस, बेताचे अस्तर, वर्षातून दोन वेळा तीन-चार आठवडे केस झडतात, एरवी फारसे नाही. आठवड्यातून दोनदा रबरी खराऱ्याने अंग चोळले तर घरात केस दिसणारही नाहीत. इथल्या हवेला तो मुरलेला असतो. चपटे नाक, लांब पाठ यांसारखी माणसाने लावलेली व्यंगे त्याला नसतात. कोंबड्यांत वाढला तर कोंबड्या राखतो. ओळखीच्या, माणसाळलेल्या मादीचे पिलू सात-आठ आठवड्यांचे असताना घरात आणले आणि मुलांत वाढवले, तर प्रथमच कुत्रा पाळणाऱ्या शेतकरी कुटुंबाला याच्याहून सोयीचा कुत्रा शोधून सापडणार नाही. तेही मादी घ्यावी. ती घराजवळ राहते, भटकत नाही. वयाच्या सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिचे पिशवीचे ऑपरेशन करून घेतले की माजाच्या काळातील रक्तस्राव, दारात जमणारे नर आणि नको असलेली पिले यांची चिंता राहत नाही.

पिलू पाहायला जाताना

जात ठरली म्हणजे काम अर्धेच झाले. एकाच वेतात भित्रे, दांडगट आणि समजूतदार पिलू असते, गाईच्या कालवडींत असते तसेच. पिलू पाहण्याआधी त्याची आई पाहावी. जो विक्रेता आई दाखवत नाही त्याच्याकडून पिलू घेऊ नये, मग किंमत कितीही उतरवो. आई परक्या माणसाला पाहून कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल तर परत फिरावे. आईच्या पाठीवरून ओला तळहात दहा वेळा फिरवावा आणि हाताला किती केस चिकटले ते पाहावे. मग ती मांडीवर ठेवलेल्या काळ्या कापडावर पाच मिनिटे बसली तर कापडच सांगेल की पुढे आपल्या घराचे काय होणार आहे. जाड-पातळ केस, कोंडा, सर्व त्यावर दिसते. ही साधी परीक्षा दहा जणांच्या ऐकीव माहितीपेक्षा खात्रीची आहे. केस जागोजागी चकत्यांनी गेलेले दिसले, कातडी लाल किंवा खपली धरलेली असली, तर तो केस गळण्याचा स्वभाव नव्हे, तो रोग आहे. लूत, गजकर्ण किंवा पिसवा असण्याचा संभव असतो आणि यांतील काही माणसालाही लागतात.

पिलांजवळ जमिनीवर बसावे. कुशीत शिरायला धावणारे सर्वांत धीट पिलू मोहात पाडते, पण पहिल्या कुत्र्यासाठी थोडे थांबून, पाहून, मग शेपूट हलवत येणारे पिलू अधिक चांगले. दूर टाळी वाजवावी. दचकून क्षणात सावरणारे चालेल, पळून जाऊन बाहेर न येणारे नको. पिलाला हळूच उताणे धरावे. थोडी धडपड करून शांत झाले तर ठीक. जोराने चावा घेत राहिले तर सोडून द्यावे. पायांच्या बोटांत बोट घालून, कान उघडून पाहावे. पुढे खरारा करताना आणि गोचीड काढताना हेच रोज करायचे आहे.

वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिलू जे पाहते, ज्यांच्यात वावरते, ते त्याला आपले वाटते. या काळात लहान मुले, म्हातारी माणसे, ट्रॅक्टरचा आवाज, गुरे, कोंबड्या, खरारा यांची ओळख करून द्यावी. तीन-चार महिन्यांपर्यंत पिंजऱ्यात एकटे राहिलेले पिलू कितीही 'मुलांत रमणाऱ्या' जातीचे असले तरी घाबरट निपजते, आणि घाबरलेला कुत्राच बहुधा चावतो. जातीच्या नावापेक्षा हे बारा आठवडे महत्त्वाचे आहेत. पाच-सहा वर्षांखालील मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडू नये, आणि कुत्रा जेवत असताना कोणीच त्याच्या ताटलीत हात घालू नये.

आणल्यानंतर

लसीकरणाबाबत थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत पुढील मात्रा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे. बोकड कापल्यावर कच्चे यकृत किंवा फुप्फुस कुत्र्यास घालू नये. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात होणाऱ्या फीतकृमीची अंडी मुलांच्या पोटात जाऊन यकृतात पाण्याच्या गाठी होतात. लस झालेली असो वा नसो, कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आहाराचा केसांशी थेट संबंध आहे. नुसत्या भाकरी-दुधावर वाढलेल्या कुत्र्याचे केस निस्तेज होतात आणि अवेळी गळतात. मग जातीला दोष दिला जातो. भाकरीबरोबर अंडे, शिजवलेले मांस किंवा मासळी, नाहीतर घट्ट वरण आणि दही यांपैकी काहीतरी रोज असावे. कांदा, लसूण वर्ज्य. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागायतदारांसाठी विशेष सूचना अशी की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत. मूठभर बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्रा दगावू शकतो. बेदाण्याच्या शेडमध्ये पिलू मोकळे सोडू नये आणि मुलांनाही तसे बजावून ठेवावे.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. कपड्याचा साबण वापरू नये, कातडी कोरडी पडून कोंडा वाढतो. उन्हाळा आला म्हणून दुहेरी केसांच्या कुत्र्याचे मुंडण करण्याची चूक अनेक जण करतात. ते केस त्याला उन्हापासून राखतात. कापायचे ते फक्त सतत वाढणाऱ्या केसांच्या जातींचे. इतरांना खरारा, तोही घराबाहेर ओट्यावर, सकाळी धारा काढून झाल्यावर. वेळ ठरलेली असली म्हणजे काम चुकत नाही. हे काम घरातील कोण करणार त्याचे नाव पिलू आणण्याआधीच ठरवावे. 'सगळे मिळून करू' असे ठरले तर ते शेवटी घरातील बाईच्याच गळ्यात पडते. तेव्हा तिचे मत आधी घ्यावे हे बरे.

पिलू आणण्याचा दिवसही विचाराने ठरवावा. काढणी, ऊसतोड किंवा लग्नघाई चालू असताना आणू नये, कारण पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे कोणीतरी सतत पाहावे लागते. दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच. फटाक्यांची त्या वयात बसलेली दहशत पुढे जात नाही. आणताना आईच्या अंगाखालचे फडके मागून घ्यावे आणि पहिल्या काही रात्री ते पिलाच्या खोक्यात ठेवावे. खोके कोणाच्या तरी अंथरुणापासून हाकेच्या अंतरावर असावे, गोठ्यात नव्हे. पहिल्या दोन रात्री ते रडेल. तिसऱ्या रात्रीपासून बहुधा झोपते.